बूच, डबा आणि ओपनर

अमेरिकेंतील हस्तकौशल्याच्या बाजारांतून अलीकडे एक चमत्कारिक वस्तु विकावयास मांडलेली दिसते. हातभर लांबीची जुन्या लांकडाची फळी, तिच्या वरच्या अंगास स्क्रूनें बसविलेला बिडाचा ओपनर, आणि त्याच्या बरोबर खालीं, उभा चिरून अर्धा केलेला बियरचा एक जुना डबा. ही फळी स्वयंपाकघराच्या किंवा पडवीच्या भिंतीस ठोकावयाची. बाटलीचें तोंड ओपनरांत अडकवून बाटली खालीं दाबली, कीं दातेरी बूच सुटतें आणि टणकन् खालच्या डब्यांत जाऊन पडतें. डबा चाळीस-पन्नास, कधीं कधीं ऐंशीं वर्षांचा असतो. त्याच्या रंगाचे पोपडे कोठें कोठें उडालेले असतात, कडांना गंज चढलेला असतो. तथापि पोटावरचें नांव वाचतां येतें. तें नांव ज्या कारखान्याचें, तो कारखाना बहुधा केव्हांच बंद पडलेला असतो.

विकत घेणाऱ्याच्या दृष्टीनें ही केवळ शोभेची आणि सोयीची वस्तु. परंतु या दोन पदार्थांचा पूर्वेतिहास ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या फळीकडे पाहून हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. कारण बियरचा डबा जन्मास आला तोच मुळीं बाटली, तिचें बूच आणि तें काढणारा ओपनर या तिघांची सद्दी संपविण्याच्या पैजेनें. जन्मभर कोर्टांत भांडलेले दोन भाऊबंद अखेर एकाच तसबिरींत शेजारीं शेजारीं बसलेले दिसावे, तसा हा प्रकार आहे. त्या भांडणांत सरशी कोणाची झाली, आणि मधल्यामध्यें कोणाचें घर बुडालें, ही हकीकत पाहण्याजोगी आहे.

फसफसणारें पेय बाटलींत कोंडणें दिसतें तितकें सोपें नाहीं. आंतला वायु सारखा बाहेर पडूं पाहतो. बूच सैल बसलें तर तो निघून जातो. घट्ट बसलें तर तें काढतांना घामटें निघतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या एका अडचणीवर युरोप-अमेरिकेंतील कारागिरांनीं शेंकडों तोडगे काढले. त्यांपैकीं एक महाराष्ट्रांत घरोघर ठाऊक आहे. लंडनच्या हायरम कॉड नामक इंजिनियरानें १८७२ सालीं पेटंट घेतलेली, गळ्यांत कांचेची गोटी असलेली बाटली म्हणजेच आपली गोटी-सोड्याची बाटली. तींत वायु स्वतःच स्वतःचा पहारेकरी असतो. तो गोटीस आंतून वर रेटून रबराच्या कड्यावर घट्ट बसवितो. लांकडी खुंटीनें गोटी खालीं ढकलली, कीं सोडा मोकळा. बाटली धुवून पुन्हां भरावयाची, गोटी जागच्या जागीं. यांत फेंकून देण्यासारखें कांहींच नव्हतें. पोरांनीं गोटीच्या लोभानें बाटलीच फोडली, तर ती गोष्ट निराळी!

अमेरिकेंत त्या सुमारास तारेच्या फासानें आवळलेलीं चिनी मातीचीं बुचें, रबराच्या चकत्या, साधीं लांकडी बुचें असे नाना प्रकार चालू होते. या सर्वांचा एक दोष समान होता. तीं पुन्हां पुन्हां वापरावयाचीं असत, आणि त्यांच्या सांदीकोपऱ्यांत सांचलेला मळ पुढच्या पेयांत उतरे. बाल्टिमोर शहरीं एका यंत्रशाळेंत काम करणाऱ्या विल्यम पेंटर नांवाच्या कल्पक गृहस्थानें या दोषाच्या मुळावर घाव घातला. १८३८ सालीं मेरिलंड प्रांतांत जन्मलेल्या या माणसानें जन्मांत ८५ पेटंटें मिळविलीं. परंतु त्याचें नांव राहिलें तें २ फेब्रुवारी १८९२ रोजीं मिळालेल्या पेटंटामुळें. पातळ पत्र्याची एक वाटी, तिच्या कडेला चोवीस चुण्या, आणि पोटांत बुचाच्या लांकडाची एक पातळ चकती. बाटलीच्या ओठावर ही वाटी दाबून चुण्या आवळल्या, कीं वायूची वाट बंद. बाटलीच्या डोक्यावर मुकुट चढविल्यासारखें दिसतें म्हणून त्यास ‘क्राउन कॉर्क’ हें नांव पडलें. पुढें चुण्या चोवीसांच्या एकवीस झाल्या आणि चकतीचा पदार्थ बदलला. बाकी तें बूच आज सव्वाशें वर्षांनंतरही जवळजवळ जसेंच्या तसें आहे.

या बुचाचें मर्म त्याच्या क्षुद्रपणांत होतें. तें इतकें स्वस्त होतें, कीं एकदां काढल्यावर पुन्हां वापरण्याचें कारण उरलें नाहीं. पण तें नुसत्या बोटांनीं निघेना. म्हणून पेंटरनें ६ फेब्रुवारी १८९४ रोजीं तें काढण्याच्या हत्याराचेंही पेटंट घेतलें. कुलूप विकणाऱ्यानें किल्लीही विकावी, तसेंच हें झालें. १८९८ पर्यंत पायानें चालणारें बूच बसविण्याचें यंत्र त्यानें पेयांच्या कारखानदारांपुढें ठेवलें, आणि पुढें मायकेल ओवेन्स याच्या यंत्रांतून एकसारख्या तोंडाच्या बाटल्या निघूं लागल्यावर या बुचाची खरी चलती झाली. पेंटरच्या कंपनींत त्या काळीं एक फिरता विक्रेता नोकरीस होता. लोक एकदां वापरतील, फेंकतील आणि पुन्हां घेण्यास येतील अशी एखादी वस्तु शोधून काढ, असा उपदेश पेंटरनें त्यास केल्याचें सांगतात. त्या विक्रेत्याचें नांव किंग जिलेट. त्याच्या पात्यांनीं पुढें साऱ्या जगाच्या दाढ्या केल्या. एका पत्र्याच्या बुचाच्या पोटीं केवढा संसार वाढला पाहा!

तथापि या काळांत फेंकावयाचें होतें तें केवळ बूच. बाटली कारखान्याच्याच मालकीची राही. गिऱ्हाइकानें ती घेतांना कांहीं सेंट अनामत ठेवावयाचे आणि रिकामी बाटली परत करून ते घेऊन जावयाचें. ती धुवून पुनः पुन्हां भरली जाई, आणि जितक्या अधिक फेऱ्या होत तितका कारखानदाराचा फायदा. म्हणूनच बाटलीचा ओठ हा त्याच्या जिव्हाळ्याचा विषय होता. हातांतला ओपनर घाईंत वेडावांकडा लावला, कीं पोलादाची धार कांचेवर बसून ओठाचा टवका उडे. टवका उडालेली बाटली पुढें बुचास धरीना; ती भंगारांत जावयाची.

या टवक्यावरचा उपाय म्हणून भिंतीवरचा ओपनर पुढें आला. १९२५ च्या एप्रिलमध्यें बोस्टनच्या टॉमस हॅमिल्टन यास त्याचें पेटंट मिळालें. व्हर्जिनिया प्रांतांतील न्यूपोर्ट न्यूज या गांवच्या रेमंड ब्राउन यानें त्याचा कारखाना चालविला आणि १९४३ मध्यें सुधारलेल्या आकाराचें पेटंट आपल्या नांवें घेतलें. याच्या पुढच्या अंगास एक लहानशी छत्री असते. ती बुचास वरून धरते, खालचा दांत बुचाच्या कडेखालीं शिरतो, आणि तरफेचें काम खुद्द बाटलीच करते. हात कितीही अडाणी असो, कांचेच्या ओठास इजा पोंचत नाहीं. शीतपेयांच्या पेटाऱ्यांवर, दुकानांच्या फळ्यांवर, पेट्रोल-पंपांवर हा बिडाचा तुकडा जाऊन बसला. मुंबईंतील इराण्याच्या हॉटेलांत गल्ल्याच्या कोपऱ्यास ठोकलेला ओपनर ज्यांनीं पाहिला असेल, त्यांस या जातीचा परिचय निराळा करून देण्याची गरज नाहीं. भिंतीवरच्या फळीवर आज जो ओपनर बसविलेला असतो, तो बहुधा याच घराण्यांतला. परत येणाऱ्या बाटलीचें आयुष्य वाढावें म्हणून तो जन्मला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

आतां डब्याकडे वळूं. फळें, भाज्या, मासे डब्यांत भरण्याची कला जुनी झाली होती. बियर मात्र डब्यांत राहावयास तयार नव्हती. १९०९ सालीं अमेरिकन कॅन कंपनीनें माँटाना प्रांतांतील एका बियरवाल्याकरितां प्रयत्न करून पाहिला आणि नाद सोडला. अडचणी दोन होत्या. बियर टिकावी म्हणून ती भरल्यावर तापवावी लागते, आणि त्या वेळीं आंतला दाब चौरस इंचास ८० पौंडांच्याही वर जातो. साध्या डब्याचे सांधे त्याच्या निम्म्या दाबासच उसवत. दुसरी अडचण महाराष्ट्रांतील कोणत्याही गृहिणीस चटकन् समजेल. पितळेच्या भांड्याची कल्हई उडाली असतां त्यांतलें ताक कळकतें. बियरचीही तीच तऱ्हा. किंबहुना तिची जीभ ताकापेक्षांही नाजूक. डब्याचा पत्रा म्हणजे पोलादावर कथलाचा मुलामा, म्हणजे एक प्रकारची कल्हईच; परंतु बियरला तीही सोसेना. ती गढूळ होई आणि तिला धातूची चव येई.

त्यांतच १९२० सालीं अमेरिकेंत दारूबंदी सुरू झाली आणि हा प्रश्नच कांहीं काळ उरला नाहीं. ती उठणार असा वारा वाहूं लागतांच, १९३१ पासून, अमेरिकन कॅन कंपनीनें पुन्हां खटाटोप आरंभिला. सांधे मजबूत केले, आणि आंतून राळेच्या जातीच्या एका कृत्रिम पदार्थाचें अस्तर दिलें. एप्रिल १९३३ मध्यें सौम्य बियरची वाट मोकळी झाली, आणि ५ डिसेंबर १९३३ रोजीं दारूबंदीच संपली. डबा तयार होता. तो घेणारा कोणी नव्हता. मोठ्या कारखानदारांनीं आपलें नांव पणास लावण्याचें टाळलें. अखेर न्यू जर्सी प्रांतांतील न्यूअर्क शहरचा क्रूगर कारखाना कबूल झाला, तोही फुकटच्या अटीवर. यंत्रें कॅन कंपनीनें बसवावीं. माल चालला तरच पैसे द्यावयाचे. आधीं दोन हजार डबे भरून नेहमींच्या गिऱ्हाइकांस चाखावयास देण्यांत आले, आणि शंभरांपैकीं ९१ लोकांनीं पसंतीची मान डोलावली. तरीही क्रूगरवाल्यांनीं सावधपणा सोडला नाहीं. पहिली विक्री आपल्या गांवीं न करतां दूर व्हर्जिनियांत रिचमंड येथें केली. फजिती झालीच तर ती परगांवीं व्हावी, हा हेतु उघड होता. २४ जानेवारी १९३५ रोजीं रिचमंडच्या दुकानांत बियरचा डबा प्रथम विकला गेला. फजिती तर झाली नाहींच, उलट वर्षअखेरपर्यंत अमेरिकेंतील ३७ कारखाने डबे भरूं लागले.

डब्याची जाहिरात ज्या शब्दांत झाली त्यांचा इत्यर्थ एवढाच, कीं अनामत नको, बाटली परत नेण्याची यातायात नको, फुटण्याची भीति नको. प्यावें आणि फेंकून द्यावें. पेंटरच्या काळीं फक्त बूच फेंकलें जाई. आतां भांडेंच फेंकावयाचें झालें. मौज अशी, कीं ओपनरास हद्दपार करावयास निघालेला हा डबा स्वतःचा ओपनर घेऊनच आला. त्याचें माथें सपाट पत्र्याचें होतें. तें भोंसकल्यावांचून थेंब मिळावयाचा नाहीं. याकरितां त्रिकोणी चोंचीचें एक हत्यार कॅन कंपनीनें काढलें व ज्याला त्याला फुकट वांटलें. चोंचीनें दोन भोकें पाडावयाचीं, एक पिण्यासाठीं आणि एक हवा आंत जाण्यासाठीं. लोकांस ही विद्या अवगत नसल्यामुळें ती कशी करावी हें चित्रांसह डब्याच्या पोटावर छापलेलें असे.

त्याच वर्षीं सप्टेंबरांत या गोष्टीस आणखी एक वळण मिळालें. कॉन्टिनेन्टल कॅन कंपनीनें निमुळत्या माथ्याचा डबा काढला, आणि मिल्वॉकी शहरच्या श्लिट्झ या प्रख्यात कारखान्यानें तो प्रथम घेतला. धड डब्याचें, मान बाटलीची, आणि त्या मानेवर चढविलेलें बूच कोणतें? पेंटरचें! म्हणजे बाटलीच्या शत्रूनेंच बाटलीचा मुकुट घातला. या वेषांतराचें कारण पैशांत होतें. सपाट डब्याकरितां नवीं यंत्रें घ्यावीं लागत. निमुळता डबा जुन्याच बाटल्या भरण्याच्या यंत्रावर थोड्या फेरफारानें चाले. ज्या लहानसहान गांवकारखान्यांस नवीं यंत्रें परवडत ना, त्यांनीं हा वेष पत्करला. १९६० च्या सुमारास हे डबे दिसेनासे झाले, आणि ते वापरणाऱ्यांपैकींही पुष्कळसे. भिंतीवरच्या फळीस या जातीचा डबा बसविलेला असला, तर त्यांतील विसंगति नाहींशी होते. कारण त्याच ओपनरानें तो डबाही कधीं काळीं उघडला असेल.

अमेरिकेबाहेर डबा प्रथम भरला तो वेल्समधील लानेली गांवाजवळच्या फेलिनफोएल कारखान्यानें, ३ डिसेंबर १९३५ रोजीं. लानेली हें कल्हईच्या पत्र्याचें माहेरघर. मंदीनें त्या धंद्याचें कंबरडें मोडलें होतें, आणि बियरच्या डब्यानें गांवच्या गिरण्यांस काम मिळेल ही आशा त्यामागें होती. तेथेंही माथें निमुळतें आणि बूच पेंटरचेंच.

दुसऱ्या महायुद्धांत डब्याचा बहर एकाएकीं थांबला. १९४२ च्या आरंभीं मलाया जपानच्या हातीं गेला, आणि त्याबरोबर कथलाचा मोठा पुरवठा तुटला. अमेरिकेंत घरगुती विक्रीसाठीं डबे भरणें बंद झालें. जे भरले गेले ते दूरदेशींच्या सैनिकांसाठीं. त्यांतील पुष्कळांस सैनिकी हिरवट रंग दिलेला असे, म्हणजे रिकामा डबा उन्हांत चमकून ठावठिकाणा सांगूं नये. घरीं राहिलेल्यांना पुन्हां बाटलीचा आश्रय करावा लागला, आणि अनामतीचे सेंट पुन्हां हातोहात फिरूं लागले.

युद्ध संपलें आणि डबा परतला तो कायमचा. येथपासून या हकीकतीचा कडू भाग लागतो. दारूबंदी उठल्यावर अमेरिकेंत सातशेंहून अधिक बियरचे कारखाने होते. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ते शंभराच्याही आंत आले. हा संहार एकट्या डब्यानें केला असें म्हणणें अन्यायाचें होईल. रुंद सडका, शीतगृहें, दूरचित्रवाणीवरच्या जाहिराती, मोठ्यांनीं लहानांस विकत घेणें, अशीं कारणें पुष्कळ होतीं. तथापि त्यांत डब्याचा हात होता, आणि तो कसा हें सहज कळण्यासारखें आहे. परत यावयाची बाटली ही दाव्यास बांधलेल्या गाईसारखी असते. तिनें संध्याकाळीं घरीं यावयाचें, म्हणून फार दूर जावयाचें नाहीं. बाटली जितकी दूर धाडावी तितका रिकामी परत आणण्याचा खर्च वाढे. त्यामुळें प्रत्येक गांवच्या कारखान्यास आपल्या पंचक्रोशींत आपोआप कुंपण मिळालेलें होतें. डबा परत यावयाचाच नव्हता. तो वजनानें हलका, एकावर एक रचतां येणारा, एकमार्गी. मिल्वॉकींत किंवा सेंट लुईंत भरलेला डबा हजार मैलांवरच्या दुकानांत जाऊन बसला, तेव्हां गांवच्या कारखान्याचें कुंपण नाहींसें झालें. गांवकारखान्यांनींही हौसेनें आपलें नांव, आपली नदी, आपला डोंगर डब्यांवर रंगविला. जें हत्यार त्यांच्यावर चालावयाचें होतें, त्यावर त्यांनीं आपलींच नांवें कोरून घेतलीं. खुद्द क्रूगरही यांतून सुटला नाहीं. ज्यानें पहिला डबा भरला, त्याचा न्यूअर्कचा कारखाना १९६१ मध्यें बंद झाला आणि नांव तेवढें दुसऱ्यास विकलें गेलें.

डब्याचाही देह पालटला. जानेवारी १९५९ मध्यें कोलोराडोच्या कूर्स कारखान्यानें ॲल्युमिनियमचा डबा काढला. रिकामा डबा परत आणणाऱ्यास एक सेंट देण्याची पद्धतिही त्यानेंच घातली, हें येथें मुद्दाम सांगण्याजोगें आहे. त्याच वर्षीं ओहायो प्रांतांतील डेटन शहरचा अर्मल फ्रेझ नामक इंजिनियर वनभोजनास गेला असतां डबा भोंसकण्याचें हत्यार घरींच विसरला. मोटारीच्या बंपरवर डबे फोडून त्यानें वेळ निभावली. पण फजिती मनास लागून राहिली, आणि तीतून ओढून काढावयाच्या कडीचा डबा निघाला. १९६२ मध्यें पिट्सबर्गच्या आयर्न सिटी बियरनें तो बाजारांत आणला. आतां डब्यास ओपनरही नको झाला. कड्या मात्र रस्त्यांवर, बागांत, समुद्रकिनाऱ्यांवर पसरल्या आणि अनवाणी पायांत शिरूं लागल्या. ऑरेगन प्रांतानें १९७१ मध्यें कायदा करून बाटली आणि डबा या दोहोंवर अनामत बसविली व सुट्या कडीस बंदी केली. १९७५ मध्यें लुईव्हिलच्या फॉल्स सिटी कारखान्यानें डब्यासच चिकटून राहणारी कडी काढली; आज सर्वत्र दिसते ती हीच. पुढें तीनच वर्षांनीं त्या कारखान्याचेंही दार लागलें.

फेंकलेल्या वस्तूंचें भाग्य कधीं उघडेल हें सांगतां येत नाहीं. १५ एप्रिल १९७० रोजीं सेंट लुई येथें मूठभर छांदिष्टांनीं बियरचे डबे जमविणाऱ्यांचें एक मंडळ काढलें, आणि दहा वर्षांच्या आंत हा छंद साथीसारखा पसरला. लोक जुन्या घरांचे माळे धुंडाळूं लागले, सहलींच्या जागांजवळचे उकिरडे खणूं लागले, गंजलेले डबे आम्लांत बुडवून त्यांवरचे रंग उजेडांत आणूं लागले. ज्या कारखान्याची इमारत पडली, दप्तर गेलें, कामगार पांगले, त्याचें नांव व मुद्रा धड स्थितींत पाहावयास मिळते ती पुष्कळ वेळां या डब्यावरच. पंचवीस-तीस सेंटांच्या डब्याचा ताम्रपट झाला. छंदास बाजाराची बाधा झाली, कीं ठकबाजीही येतेच. अध्यक्ष कार्टर यांच्या भावाच्या नांवानें १९७७ मध्यें निघालेल्या ‘बिली बियर’चे डबे उद्यां हजारों डॉलरांस जातील या भरंवशावर लोकांनीं पेट्याच्या पेट्या सांठविल्या, त्यांना पुढें जवळजवळ कांहींच किंमत आली नाहीं.

भिंतीवरच्या फळीचा कारागीर येथें येऊन ठेपतो, आणि त्याचें व संग्राहकाचें पटत नाहीं. कारागिराचें म्हणणें वावगें नाहीं. जुना डबा जाड पोलादी पत्र्याचा. तो कात्रीस वश होतो, त्याची कड दुमडतां येते, त्यास खिळा धरतो. आजचा ॲल्युमिनियमचा डबा बोटानेंही चेपतो, तेथें खिळा काय धरणार? शिवाय गंजानें खाल्लेल्या डब्यास संग्राहकही हात लावीत नाहींत. तो उकिरड्यावर जाण्यापेक्षां भिंतीवर गेला तर काय बिघडलें? महाराष्ट्रांतील ज्या घरांनीं रॉकेलच्या डब्याची बादली केली, डालड्याच्या डब्यांत तुळस लावली, त्या घरांस हा युक्तिवाद परका वाटणार नाहीं.

संग्राहकाचा आक्षेप निराळा आहे. डबा वाचावा लागतो, आणि वाचावयाचा मजकूर पुष्कळदां सांध्याजवळच्या बारीक अक्षरांत असतो. १९३५ पासून मार्च १९५० पर्यंत प्रत्येक डब्यावर अबकारी कर भरल्याची ओळ छापणें कायद्यानें आवश्यक होतें. ती ओळ असली तर डबा त्या पंधरा वर्षांतला. ओळींत कर माफ करून माल परदेशीं धाडल्याचा मजकूर असला, तर तो सैनिकांसाठीं गेलेल्या डब्यांपैकीं. मागच्या बाजूस डबा कसा भोंसकावा याचीं चित्रें असलीं, तर तो अगदीं पहिल्या पिढीचा. डबा उभा चिरला म्हणजे त्याची दर्शनी बाजू फळीवर जाते आणि मागची अर्धी बाजू, सांध्यासह, बहुधा केराच्या टोपलींत. नेमका जो पुरावा, तोच नाहींसा होतो. म्हणून जाणते कारागीर डबा कापण्यापूर्वीं तो चारही बाजूंनीं वाचतात, आणि शंका आली तर बाजूला ठेवतात. ज्यांचे लक्षावधि नमुने शिल्लक आहेत असे १९७० नंतरचे पोलादी डबे तेवढे कात्रीखालीं घालतात. न वाचतां कापणारेही आहेत, आणि कोणत्या कारखान्याचा शेवटचा डबा त्यांच्या हातून गेला हें कोणासही कळावयाचें नाहीं. या वादांत संग्राहकाचें पारडें जड आहे, असेंच म्हणावें लागतें.

फळीवरचा ओपनर मात्र इतक्या वर्षांनीं पुन्हां कामास कसा आला, एवढें सांगावयाचें राहिलें. १९७८ मध्यें अध्यक्ष कार्टर यांनीं सही केलेल्या कायद्यानें अमेरिकेंत घरीं बियर करण्यास मोकळीक मिळाली. घरीं शिकलेल्यांपैकीं कांहींनीं पुढें लहान कारखाने काढले. सोनोमा गांवचा ‘न्यू आल्बियन’ हा तसला कारखाना १९७६ मध्येंच निघून १९८२ मध्यें बुडाला होता, पण त्याची वाट इतरांनीं धरली. डब्यांत भरण्याचीं यंत्रें या लोकांस परवडणारीं नव्हतीं. त्यांनीं बाटल्या घेतल्या आणि त्यांवर पेंटरचें जुनें, हत्यारावांचून न निघणारें बूच बसविलें. गांवकारखाने परत आले ते बाटलीबरोबर, आणि बाटलीबरोबर न्यूपोर्ट न्यूजचा बिडाचा ओपनर. ज्या गांवीं आजोबांच्या काळचा कारखाना बुडाला होता, तेथें नवा उभा राहिला. त्याच्या बाटलीचें बूच जुन्या कारखान्याच्या डब्यांत पडूं लागलें.

परंतु २००२ मध्यें कोलोराडोंतील लायन्स गांवच्या ‘ऑस्कर ब्लूज’ या लहान कारखान्यानें आपली बियर हातानें चालविण्याच्या यंत्रावर डब्यांत भरावयास आरंभ केला. प्रथम हंसणाऱ्या इतर लहान कारखान्यांनीं मग एकामागून एक तीच वाट धरली. अशी बियर ज्या घरीं येते, तेथें भिंतीवरच्या फळीचा ओपनर दिवसचे दिवस कोरडा राहतो, खालच्या अर्ध्या डब्यांत जुनीं बुचें धूळ खात पडतात, आणि शेजारच्या टेबलावर ॲल्युमिनियमचा नवा डबा बोटाच्या एका हिसक्यानें उघडला जातो.